पट्टा बांधल्यावर बोलायचं नाही

माझ्या मावशीला आमच्या घरात सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी डोळे उघडले की ती सुरू होते आणि डोळा लागेपर्यंत बंद होत नाही. लहानपणी खोड्या केल्या म्हणून तिला खोलीत कोंडलं, तर ती आतून दाराच्या कडीशी गप्पा मारत बसली, असं आई अजून सांगते. अशा बाईच्या वाट्याला काम आलं ते गप्प बसण्याचं.

मावशी मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. बरीच वर्षं वॉर्डात काढली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिला संशोधन विभागात घेतलं. तिथे रक्तदाबाच्या औषधांचा एक अभ्यास चालू होता. दोन जुनी औषधं एकाच गोळीत घालून दिली, तर माणसं ती जास्त नेमाने घेतात का आणि त्यांचा दाब जास्त ताब्यात राहतो का, एवढाच प्रश्न. अभ्यासात नाव घातलेल्या लोकांना हॉस्पिटलात खेटे घालावे लागू नयेत म्हणून सगळं त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच व्हायचं. गोळ्यांचा जोर कमीजास्त करायचा तो त्या डॉक्टरांनी. मावशी महिन्यातून एकदा मशीनची पेटी घेऊन त्या त्या दवाखान्यात जायची, दाब मोजायची आणि गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा परत घ्यायची.

दाब मोजण्याची रीत ठरलेली होती. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. दंडाला पट्टा बांधायचा आणि मग पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. पेशंटने नाही आणि मोजणाऱ्यानेही नाही, कारण बोललं की दाब चढतो. पाच मिनिटं मोजायला मावशीने घरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर नेलं होतं. पिळलं की ते टिकटिकत बसायचं आणि शेवटी एकदाच किणकिणायचं. पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन म्हणाली, दाब त्यांचा मोजते आणि चढतो माझा. दिवसभर साचलेलं सगळं मग आमच्या स्वयंपाकघरात ओतलं जायचं. आई हातातलं काम करता करता ऐकायची आणि अधूनमधून, पुरे गं बाई, एवढंच म्हणायची.

या बोलण्यात सलूनवाले काका फार वेळा यायचे.

ते डॉक्टरीणबाईंचे पेशंट. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना एका इमारतीच्या तळमजल्यावर, वरती त्यांचं घर. बाहेर बाकं, वजनाचा काटा आणि मासे नसलेली एक काचेची पेटी, जिच्यात त्यांनी पेशंटांच्या विसरलेल्या छत्र्या ठेवल्या होत्या. पडद्यामागच्या लहान खोलीत मावशीचं टेबल. खिडकीतून समोरच काकांचं दुकान दिसायचं. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, आणि दिवसभर चाललेला काकांचा आवाज. त्यांच्या खुर्चीत बसलेल्याची हनुवटी धरलेली असायची, त्यामुळे बोलण्याचा हक्क एकट्या काकांचा. मावशीच्या खुर्चीत मात्र सगळं उलटं. दोन बोलघेवडी माणसं एका टेबलाशी समोरासमोर बसून टोमॅटोकडे बघत राहायची. डॉक्टरीणबाई एकदा पडदा सारून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, इतकं शांत कसं, मला वाटलं कोणी गेलं की काय.

काका दर वेळी बसल्या बसल्या तोंड उघडायचे. सिस्टर, एक सांगायचं होतं. एवढं म्हणाले की मावशी ओठांवर बोट ठेवायची आणि टोमॅटोकडे डोळ्याने खूण करायची. काका मान हलवून गप्प. टायमर वाजलं की मोजणी, मग जरा थांबून पुन्हा मोजणी, आणि पुन्हा एकदा. तेवढा वेळही बोलायचं नाही. पट्टा सुटला की मावशी हात पुढे करायची आणि काका पिशवीतून स्ट्रिपा काढायचे. सगळ्या रिकाम्या. एक गोळी शिल्लक नाही. मावशी त्या उजेडात धरून बघायची, तिचा चेहरा खुलायचा आणि तिच्या तोंडून मोठ्याने शाबास निघायचं. मग बाहेर बाकावर बसलेल्या, अभ्यासातल्याच एका निवृत्त शिक्षिकाबाईंना ती ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, बघा, शिकावं तर आमच्या काकांकडून. नंतर कधी आठवलं तर स्ट्रिपा हातात धरूनच विचारायची, काका, काय सांगायचं होतं. काका म्हणायचे, काही नाही, विसरलो.

मशीनचा आकडा मात्र उतरायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाईंनी गोळीचा जोर वाढवला. पुढच्या महिन्यात आणखी वाढवला. शेवटी सोबत एक वेगळी गोळी जोडली. मावशीने यावर आपलं एक शास्त्र तयार केलं होतं. काकांना न बोलण्याचाच ताण येतो, त्यांना बडबडू देऊन मोजलं तर दाब पायाशी लोळण घेईल. आम्ही सगळे हसलो होतो.

काका आज ठणठणीत आहेत, हे मी इथेच सांगून टाकते. ते माहीत नसताना ही गोष्ट ऐकणं किती जड जातं, ते मी मावशीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकताना अनुभवलं आहे.

काकांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. साधंच होतं. आदल्या दिवशी ते दुकानाच्या दाराला पाटी लावून हॉस्पिटलात दाखल झाले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची दाढी बघून, ही कोणी केली, असं विचारूनही झालं. वॉर्डातल्या सिस्टरने डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीबरहुकूम गोळ्या दिल्या. सगळ्या दिल्या, वेळेवर दिल्या, आणि काका त्या गिळेपर्यंत पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहिली. सकाळीही तसंच. मग काका बाथरूमकडे निघाले आणि दारातच कोसळले. दाब इतका खाली गेला होता की मशीनने सुरुवातीला आकडाच दाखवला नाही.

पाय उंच केले, सलाईन लावलं, ऑपरेशन पुढे ढकललं. त्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या अर्थातच बंद ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दाब पुन्हा नेहमीसारखा चढला म्हणून गोळ्या सुरू केल्या, आणि दुपारी काका पलंगावर बसल्या जागी पांढरेफटक पडले. या वेळी त्यांना वर आणायला वेळ लागला. त्यांना वॉर्डातून काढून, जिथे छातीला तारा लावून ठेवतात त्या खोलीत नेलं. आत कुठे रक्तस्राव होतोय का ते तपासलं. नव्हता. म्हणजे हृदय, असं सगळ्यांना वाटू लागलं. मनगटातून तार घालून हृदयाच्या नळ्या बघायचं दुसऱ्या दिवसावर ठरलं. त्या तपासणीला स्वतःचा धोका असतो, आणि ज्याचा दाब असा डळमळतोय त्याला जास्तच.

वॉर्डाचे तरुण डॉक्टर सरळ स्वभावाचे होते. ते स्वतः चालत संशोधन विभागात आले आणि त्यांनी मावशीला विचारलं, हे घरी गोळ्या नीट घेत होते का.

मावशी म्हणाली, एकही चुकलेली नाही. दर महिन्याच्या रिकाम्या स्ट्रिपा माझ्याकडे आहेत.

त्यांनी ते टिपून घेतलं. मग गोळ्यांचा प्रश्न नाही, म्हणाले. महिनोन्महिने पचलेल्या गोळ्या आज अचानक कशा बाधतील? खरं तर याच गोळ्यांवर घरी त्यांचा दाब उतरतसुद्धा नव्हता. त्यांचं म्हणणं मावशीला पटलं. तिने स्वतःच तर शब्द दिला होता.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि काही बोलली नाही. खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर तशीच धरलेली. आईने चहा ठेवला, तो तिने प्यायला. आईने मला डोळ्यांनीच आत जायला सांगितलं. स्वयंपाकघरात नळाचं पाणी एवढाच आवाज होता. आपल्या घरात अशी शांतता असू शकते हे मला माहीत नव्हतं. शेवटी मावशी म्हणाली, ताई, आमच्या गोळ्यांनी काही केलं असेल का गं त्यांना? आणि ती उठून पुन्हा हॉस्पिटलकडे निघाली.

लिफ्टपाशी तिला डॉक्टरीणबाई भेटल्या. दवाखाना लवकर बंद करून स्कूटरवरून आल्या होत्या, हेल्मेट अजून हातात. काकांना भेटून बाहेर आल्या होत्या आणि त्यांना काहीतरी खुपत होतं. मावशीने सगळा प्रकार सांगितला. बाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या की या माणसाला त्या त्याच्या लग्नाच्याही आधीपासून ओळखतात. त्याने आजवर खोकल्याच्या औषधाची बाटली कधी संपवलेली नाही. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊन मोकळा. आणि तुमच्या अभ्यासात त्याची एक गोळी चुकत नाही.

"हे मला आधीच खटकायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "मी आकडा बघितला आणि जोर वाढवत गेले. तू स्ट्रिपा बघितल्यास. त्यांना कधी विचारलंस?"

"विचारणार कधी, बाई? पट्टा बांधल्यावर बोलायचं नाही."

आपलंच वाक्य मावशीच्या कानावर पडलं. लिफ्ट आली, उघडली, मिटली आणि रिकामीच वर गेली.

काका त्या तारांच्या खोलीत उशीला टेकून बसले होते. काकू बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन डुलकी घेत होत्या. मावशी एकटीच आत गेली, स्टूल ओढलं आणि बसली. काकांनी तिला पाहिलं मात्र, त्यांनी पाठ सरळ केली, एकावर एक टाकलेले पाय सोडवून शेजारी शेजारी ठेवले, सलाईन नसलेला हात पलंगाच्या टेबलावर आडवा ठेवला आणि तोंड मिटून घेतलं.

मावशी सांगते, तेवढं बघितलं आणि तिला कळलं. इतक्या महिन्यांत आपण या माणसाला काय शिकवलं, ते समोर बसलं होतं.

"काका, आज मशीन आणलेलं नाही," ती म्हणाली. "टोमॅटोपण नाही. बोला."

काकांनी आधी दाराकडे पाहिलं, काकू ऐकत नाहीत ना म्हणून. मग बोलू लागले, आणि एकदा लागल्यावर थांबेनात. सुरुवातीचे आठ-दहा दिवस त्यांनी गोळी खरंच घेतली होती. मग एक दिवस गिऱ्हाइकाच्या मानेवरून डोकं वर उचलताना आरसा गरकन फिरला. क्षणभरच. पण हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली एका माणसाचा गळा. त्या माणसाला कळलंसुद्धा नाही, तो डोळे मिटून बसला होता. काकांनी वस्तरा खाली ठेवला, आज धार बरोबर नाही असं सांगून नुसते केस कापून त्याला पाठवलं. त्या दिवसापासून गोळी बंद. हेच ते दर महिन्याला सांगायला यायचे. पण आधी बोलायची मनाई, आणि नंतर मावशीच्या चेहऱ्यावरचा तो आनंद.

"पहिल्या खेपेला भीतीपोटी स्ट्रिपा रिकाम्या करून आणल्या, आणि तुम्ही शाबास म्हणालात," काका म्हणाले. "पन्नास वर्षांत मला कोणी शाबास म्हटलं नव्हतं, सिस्टर. मग माझी जीभ उचलेना. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी दुकान बंद केल्यावर बसायचो आणि एकेक गोळी स्ट्रिपमधून फोडून बेसिनमध्ये सोडायचो. साबणाच्या फेसाबरोबर जायच्या. नख दुखायचं हो."

इथे आल्यावर मात्र वॉर्डातली सिस्टर समोर उभी राहायची, मग गिळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा शेजारी काकू होत्या, म्हणून नुसती होकाराची मान हलवली. आणि पहिल्यांदा पडल्यावर त्यांना वाटलं की आता हृदयच गेलं, आता त्या गोळ्यांचं रडगाणं गाऊन काय उपयोग.

"रागावलात?" त्यांनी विचारलं.

मावशीला रागवायचं सुचलंच नाही. तिच्या खांद्यांवरून कोणीतरी पोतं उतरवून घ्यावं तसं तिला झालं. जो सगळा जोर महिन्यामहिन्याने शरीराला सवय करत वाढवायचा, तो काकांच्या अंगात एकदम गेला होता, तोही ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या पोटी.

"काका," ती म्हणाली, "तुमचं हृदय चांगलं असेल हो."

तरुण डॉक्टरांना तिने तिथेच बोलावून घेतलं. काकांनी त्यांच्यापुढे पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी वस्तऱ्याच्या अभिनयासह. डॉक्टर ऐकता ऐकता स्टुलावर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "म्हणजे औषध काम करतं." त्यावर तिघंही हसली. हसण्याने काकू जाग्या झाल्या आणि दारात येऊन विचारू लागल्या की काय झालं. 

गोळ्या थांबवल्या. रात्रीत दाब सावरला, नंतर पडला नाही. हृदयाच्या नळ्या बघण्याची तपासणी रद्द झाली. छातीवरून नुसतं यंत्र फिरवून पाहिलं, हृदय आपलं काम निमूटपणे करत होतं. पुढच्या आठवड्यात हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडलं. घरी जाण्याआधी काकांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाची दाढी करून दिली, त्यांना म्हणे ती बघवत नव्हती. काकूंना सगळं कळल्यावर त्या त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांच्या मते ही शिक्षा मावशीच्या टोमॅटोपेक्षा कडक होती.

मावशीला अजून विभागाच्या मोठ्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं होतं. इतके महिने तिने दिलेली माहिती खोटी निघाली होती आणि ती बोलणी खायच्या तयारीने गेली होती. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. घडलं ते जसंच्या तसं कळवायला हवं, आधीच्या नोंदींवर तशी टीप द्यायला हवी, म्हणाले. मग म्हणाले की लोक गोळ्या नेमाने घेतात का हेच तर आपण शोधत होतो. एकाचं उत्तर मिळालं, नाही. आता काळजी बाकीच्यांची.

तेव्हापासून रीत थोडी बदलली. पाच मिनिटांचं मौन आहेच. पण मोजणी झाली की मावशी मशीन पेटीत घालते, झाकण लावते, खुर्ची टेबलासमोरून बाजूला घेते आणि मगच बोलते. स्ट्रिपांना हात लावायच्या आधी म्हणते, गोळ्या सगळ्यांच्याच राहतात, तुमच्या किती राहिल्या? आणि कोणाला शाबास म्हणत नाही. ते तिला सगळ्यात अवघड गेलं.

पहिल्याच फेरीत निवृत्त शिक्षिकाबाईंनी पर्समधून रुमालाची गाठ काढली. आत गोळ्या होत्या, चांगल्या मूठभर. जन्मभर परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलांना पकडलं, त्या म्हणाल्या, आणि तुमच्या त्या काकांच्या रिकाम्या स्ट्रिपा बघून मला काठावर पास झाल्यासारखं वाटायचं, म्हणून मीच कॉपी केली.

मावशीने हे सगळं आमच्याकडे रंगवून सांगितलं. रेडिओ पुन्हा सुरू झाला होता, आवाज जरा जास्तच. मी हसत होते. आई हसली नाही. ती उठली, फडताळाच्या वरच्या खणात हात घातला आणि एक लहान डबी मावशीपुढे ठेवली. आईलाही रक्तदाब आहे. डबीत तिच्या राहिलेल्या गोळ्या होत्या. ती म्हणाली, तू मला बोलू देतेस कुठे. मावशीने डबीचं झाकण लावलं आणि त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात बराच वेळ आई बोलत होती.

काकांना आता सगळ्यात कमी जोराची गोळी आहे, तीही रात्री झोपताना, दुकान बंद झाल्यावर. वेळ डॉक्टरीणबाई आणि काकांनी मिळून ठरवली. ते अजून अभ्यासात आहेत. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा मोजायला आले तेव्हा मावशीने पट्टा बांधला, टोमॅटो पिळला आणि सवयीने बोट ओठांकडे नेलं. पण काकांनी तोंड उघडलंच नव्हतं. ते खिडकीतून समोरच्या आपल्या दुकानाकडे बघत स्वस्थ बसले होते. घशात काही अडकलेलं नसलं की माणूस किती सहज गप्प बसतो, हे मावशीने तेव्हा पाहिलं. टायमर किणकिणलं. आकडा चांगला आला, पुन्हा मोजला तरी चांगला आला.

मशीन पेटीत गेलं, झाकण लागलं, खुर्ची बाजूला सरकली. मावशीने विचारायच्या आतच काकांनी स्ट्रिप पुढे केली. तिच्यात दोन गोळ्या शिल्लक होत्या. एकदा मेहुण्याकडे राहिलो होतो, ते म्हणाले, आणि एकदा सरळ विसरलो.

मावशीने स्ट्रिप पूर्वीसारखीच उजेडात धरली. शाबास ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. मग विचारलं, आणखी काय म्हणता काका?

काका म्हणत राहिले. मेहुण्याचं, दुकानातल्या नव्या आरशाचं, काकूंचं. ती दोघं इतका वेळ बोलत होती की शेवटी डॉक्टरीणबाईंनी पडदा सारला आणि विचारलं, बाहेर माणसं बसली आहेत, त्यांना उद्या यायला सांगू का?